विशेषचा रकाना

झोप

"किल्ल्या कुठेत?"

दारात पाऊल टाकताटाकताच आईनं विचारलं. कशी आहेस नाही, वाळलीस किती नाही. ऐंशीला टेकलेली बाई, तीन पायऱ्या चढून धाप लागलेली, एक हात मुलाच्या दंडावर. पण नजर थेट दाराशेजारच्या खुंटीवर. त्या खुंटीला पंचेचाळीस वर्षं एकच वस्तू माहीत होती: तीन नंबर वॉर्डाच्या किल्ल्यांचं दुसरं जुडगं. आधी ते आईचं होतं, नंतर ताईचं झालं. आज तिथे नुसती खुंटी होती.

"दिल्या," ताई म्हणाली.

"कुणाला?"

"मेट्रनना."

"परत कधी घ्यायच्यात?"

ताईनं बाजूला होऊन वाट दिली. आईमागून भाऊ आत आला, काखेत दोन घडीच्या खुर्च्या. त्याच्यामागून वहिनी, हातात चार खणांचा डबा. आणि सगळ्यांत शेवटी त्यांची लेक, ताईची भाची, कानातल्या वायरी गुंडाळून खिशात कोंबत. भावानं फोनवर 'सहज चक्कर मारतो' म्हटलं होतं. सहज येणारी माणसं घरून खुर्च्या घेऊन येत नाहीत.

रविवारचे दहा वाजले होते आणि ताई कालच्याच कपड्यांत होती. रजेचा अकरावा दिवस.

"झोप लागते?" आईनं खुर्चीत टेकत विचारलं.

"लागते."

"मध्ये मोडते?"

"नाही."

"मग झालंय काय?"

काय झालंय ते ताईला सांगता आलं नसतं. पाणी पिऊनही घसा कोरडाच राहावा, तशी ती झोप होती. अकरा दिवस ती नुसती झोपत होती आणि दर वेळी दमून उठत होती.

इथे थोडं थांबून सांगायला हवं. मनोरुग्णालयात ड्युटी बदलते तेव्हा जाणारी सिस्टर येणाऱ्या सिस्टरला एकेक पेशंट सांगते. त्याला ओव्हर देणं म्हणतात. क्रम ठरलेला असतो. झोप, जेवण, औषध, बोलणं, स्वच्छता, आणि सगळ्यांत शेवटी विशेष. विशेषच्या रकान्यात बहुतेक वेळा 'काही नाही' असतं. आई संध्याकाळी ड्युटीवरून यायची ती पर्स खांद्यावर तशीच ठेवून दोन्ही मुलांना याच खोलीच्या भिंतीशी उभं करायची आणि त्यांची ओव्हर घ्यायची. इतर मुलांना आया गोष्टी सांगत. या दोघांना रकाने होते. आणि त्यांना ते आवडायचं, हे ताईला आजवर कुणालाच पटवून देता आलेलं नाही. अंगणामागच्या भिंतीपलीकडे, रुग्णालयात, साठ-सत्तर माणसांना विचारून आलेली बाई शेवटी आपल्याला विचारते, याचा एक तोरा असतो. आईच्या अंगाला जंतुनाशकाचा वास यायचा. तो वास आला की भाऊ पाठ ताठ करायचा.

घरच या क्रमानं बोलायला शिकलं, तेव्हा हे प्रकरणही त्याच क्रमानं जाऊ द्या.

जेवण

वहिनी स्वयंपाकघरात शिरली. फ्रिज उघडल्याचा आवाज आला, मग बराच वेळ काही नाही, मग फ्रिज बंद केल्याचा.

"ताई, मागच्या अंगणात चादर वाळतेय ती कधीची?"

"असेल चार दिवसांची."

"चार दिवसांत उन्हानं पिवळी पडली?"

"अकरा असतील."

वहिनी दारात आली. ती एरवी ताई म्हणायची. भांडायचं असलं की मात्र कुठूनसं जुन्या वळणाचं 'वन्सं' बाहेर काढायची. "वन्सं, फ्रिजमध्ये अर्धा पाव आणि एक मोहरीची बाटली आहे. मोहरीची बाटली फ्रिजमध्ये कशाला?"

"थंड राहते," भाऊ म्हणाला.

"तुम्ही गप्प बसा."

जेवायला बसले. सूप, उकडलेले बटाटे, पाव. ताईनं ताटलीतलं सगळं संपवलं, कारण ताटलीत होतं. काय खाल्लं असं कुणी त्या क्षणी विचारलं असतं तर तिला ताटलीकडे बघावं लागलं असतं. आईनं जेवण झाल्यावर चमचे गोळा केले आणि मोजले. "पाच होते, पाच आहेत." वॉर्डात प्रत्येक जेवणानंतर चमचे मोजतात, एक जरी कमी भरला तरी कुणाला जागचं हलू देत नाहीत. आईला निवृत्त होऊन बावीस वर्षं झाली होती. लग्नाच्या पंगतीतही तिचे हात शिवशिवायचे.

टेबलावर कुणी बोलेना, म्हणून भावानं ठेवणीतली गोष्ट काढली. तो चष्म्याचं दुकान चालवतो. गिऱ्हाइकाला बोलतं ठेवायची सवय हाडात मुरलेली.

"ए, हात मोडल्याची गोष्ट सांगू?"

"बाबा, ती पाठ आहे आम्हाला," भाची म्हणाली.

"पाठ असली की जास्त मजा येते. मी सहा वर्षांचा. दुपारी या मागच्या भिंतीवरून पडलो. पलीकडचे पेशंट गाणं म्हणत होते ते बघायला चढलो होतो. पडलो तो हातावर. घरात कुणी नाही, ही बाईसाहेब दहा वर्षांची, हिनं रुमालानं हात गळ्यात बांधला आणि म्हणाली, आई आली की ओव्हरमध्ये सांग. संध्याकाळी मोठ्या सिस्टर आल्या. आम्ही भिंतीशी." तो उठून खरंच भिंतीशी उभा राहिला आणि आईचा आवाज काढला. "झोप? झोपलो. जेवण? जेवलो. औषध? नाही. बोलणं? बोललो. स्वच्छता? पाय धुतले. विशेष? हात मोडलाय. छान! झोपा आता!"

वहिनी हसली. भाचीही हसली, पाठ असून. ताईच्या ओठांनीही सवयीनं आपलं काम केलं. आई हसली नाही. ती कधीच हसायची नाही. ओठ घट्ट मिटून चमच्यांकडे बघायची, आणि घरच्यांच्या लेखी तोही गोष्टीचाच भाग होता.

"दुसऱ्या दिवशी सकाळी हात दुधीएवढा सुजलेला," भाऊ बसत म्हणाला. "पण काय गं ताई, त्यानंतरच आलं ना ते चादरींचं वर्ष?"

चादरींचं वर्ष! या घराचं सगळं सोनं त्या एका वर्षात होतं. आईची बदली वॉर्डातून लिनन रूममध्ये झाली होती. लिनन रूम म्हणजे रुग्णालयाच्या चादरी, अभ्रे, टॉवेल जिथे मोजून येतात आणि मोजून जातात ती खोली. आई रोज चारच्या घंटेला घरी येऊ लागली. जंतुनाशकाच्या ऐवजी अंगाला इस्त्रीचा, गरम सुताचा वास. बाद झालेल्या चादरी ती घरी आणायची आणि अंगणातल्या दोन्ही दोऱ्यांवर टाकून तंबू करायची. तंबूत उन्हं दुधासारखी यायची. आई आत मुलांच्या मध्ये पालथी पडून राहायची, बराच बराच वेळ, आणि एकही रकाना विचारायची नाही. चादरीच्या कोपऱ्यावरचा रुग्णालयाचा निळा शिक्का भाऊ बोटानं गिरवायचा. दुसरा हात प्लॅस्टरमध्ये. एकदा तंबूतच तिघांना झोप लागली आणि शेजारीण चादर उचलून ओरडली, "अहो, मला वाटलं गेलात की काय सगळे!"

त्यानंतर कधी आई इतकी त्यांची झाली नाही. अकरा महिन्यांनी ती वॉर्डात परत गेली, आणि दोऱ्यांवर पुन्हा साधे कपडे वाळू लागले.

औषध

औषध प्रत्येकानं आपापलं आणलं होतं.

भाऊ म्हणाला, "महिनाभर आमच्याकडे ये. दुकानात बस. लोकांना भिंतीवरची अक्षरं वाचायला लावायची. वरची ओळ सगळ्यांना येते, खालची कुणालाच नाही. निवांत काम आहे."

वहिनी म्हणाली, "ताई, तुम्ही ती नोकरीच सोडा. तीस वर्षं पुष्कळ झाली."

आई म्हणाली, "रजा संपव आणि उद्या कामाला जा. घोड्यावरून पडलं की लगेच वर बसायचं."

"मी घोड्यावरून पडले नाहीये, आई."

"मग तर प्रश्नच नाही."

भाचीनं पुस्तकातलं आणलं. ती नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. "आत्या, तुला जे होतंय त्याला नाव आहे. आम्हाला शिकवलंय. दुसऱ्याचं दुःख रोज झेलून झेलून आतलं माणूस बधिर होतं. कणव आटते. मनोरुग्णालयातल्या सिस्टरांना तर फारच होतं."

"नाव आहे हे बरं झालं," ताई म्हणाली. "हाक मारून बघू या, ओ देतं का."

भाऊ फिसकन हसला. भाची हसली नाही. तिनं पाठपिशवीतून एक घडी केलेला कागद काढला आणि टेबलावर सपाट केला. "मी आज हे दाखवायलाच आलेय. पुढच्या वर्षी कुठला विभाग हवा ते लिहून द्यायचंय. मी मानसोपचार लिहिलंय. आजी, आत्या, मग मी. तिसरी पिढी."

"मला न विचारता?" वहिनीचा आवाज चढला.

"तुला विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

"मग विचारायचं नाही का?"

आईचा चेहरा मात्र उजळला. तिनं कागद हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला. "अक्षर चांगलं आहे तुझं. रजिस्टरला चांगलं अक्षर लागतं." आणि ताईकडे वळून, "बघ. ही येतेय, आणि तू चाललीस?"

"मी कुठे चाललेय ते अजून ठरायचंय," ताई म्हणाली. "मेट्रननी उद्या नऊपर्यंत सांगायला सांगितलंय. वॉर्डात परत यायचं, नाहीतर लिनन रूममध्ये बदली घ्यायची, नाहीतर राजीनामा."

"लिनन?" आई म्हणाली. "चादरी मोजायला?"

"हो."

"त्या खोलीत आपल्या घरातलं कुणी आपणहून गेलेलं नाही. मला टाकलं होतं."

"आजी मेट्रनशी भांडली होती ना, पेशंटला बांधून ठेवलं म्हणून?" भाची म्हणाली. "म्हणून शिक्षा झाली. मी ते कॉलेजच्या निबंधात लिहिलं होतं. पहिला नंबर आला."

आईनं कागदाची घडी घातली. ती नीट बसली नाही. तिनं पुन्हा घातली.

बोलणं

पुढचं सगळं पोस्टमास्तरांवरून निघालं, आणि ते वहिनीनं काढलं. तिला आडून विचारता येत नाही. "नक्की केलंत काय तुम्ही, ताई? यांनी मला सांगितलं की चूक झाली, पेशंट वाचला. एवढंच. चूक कुणाची होत नाही?"

पोस्टमास्तर म्हणजे तीन नंबरमधला जुना पेशंट. डाकघरात कारकून होता म्हणून हे नाव. एकोणीस वर्षं तो रोज सकाळी खाटेवर ताठ बसून ताईला विचारायचा, "सिस्टर, माझं पत्र आलं का?" आणि ताई सांगायची, "उद्याच्या डाकेनं." पहिल्या वर्षी हे सांगताना तिला त्याच्याकडे बघवायचं नाही. तेव्हा ती त्याला रंगीत तिकिटं नेऊन द्यायची, त्याच्या बहिणीचा पत्ता हुडकून तिलाही लिहायची. बहिणीनं कधी उत्तर दिलं नाही. हे सगळं घरात माहीत होतं. पोस्टमास्तर न पाहिलेल्या नातेवाइकासारखा झाला होता.

"गेल्या महिन्यात त्यांना ताप आला," ताई म्हणाली. "छातीत कफ साठला. तीन दिवस ते पडून होते. आणि तीन दिवस मी रजिस्टरमध्ये लिहिलं, 'नेहमीप्रमाणे'."

"तुला दिसलं नाही?" भावानं विचारलं.

"ऐक ना. तीन दिवस त्यांनी पत्राचं विचारलंच नाही. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा. आणि मी त्यांच्या खाटेशी उभी राहून, गोळ्यांचा ट्रे हातात धरून म्हणाले, 'उद्याच्या डाकेनं.' त्यांनी विचारलं नव्हतं. मी उत्तर दिलं. तिन्ही दिवस."

वहिनीनं आपली खुर्ची टेबलाजवळ ओढली.

"तिसऱ्या दिवशी संध्याकाळच्या ड्युटीच्या पोरीनं त्यांच्या कपाळाला हात लावला. नवी आहे, सहा महिन्यांची. तिनं नुसता हात लावला. ते मोठ्या दवाखान्यात गेले, बरे होऊन परत आले. मला कुणी एका शब्दानं बोललं नाही."

"मग कशाला मनाला लावून घेतेस?" भाऊ म्हणाला.

"तेच तर. लागलं नाही." ताई टेबलावरच्या चमच्यांकडे बघत होती. "मला वाईट वाटलं नाही रे. मी वाट बघितली. आता वाटेल, मग वाटेल. शेवटी रजिस्टर काढून बसले, म्हटलं मागची पानं बघून तरी काही होईल. नेहमीप्रमाणे, नेहमीप्रमाणे. एकेक अक्षर घोटून काढलेलं. हातावर डोकं ठेवून झोपलं की हात बधिर होतो ना? हलवला तर हलतो, पण दुसऱ्याचा वाटतो. तशी मी. आई चौतीस वर्षं त्याच वॉर्डात होती, तिला कधी असं झालं नाही. म्हणजे काम वाईट नाही. माझ्याच घडणीत कुठेतरी खोट आहे."

मग ती भाचीकडे वळली. "आणि तू तो कागद फाडून टाक. आपल्या घरात तिसरी पिढी नको. तू येऊ नकोस."

हे तिनं ट्रेवरच्या गोळ्या सांगाव्यात तसं सांगितलं. भाचीचा चेहरा पडला. लहानपणी ती आत्याच्या ड्युटीच्या चपला घालून या खोलीत फिरायची. अर्धी चप्पल मागे फरफटत यायची.

सकाळपासून हेच ऐकायला टपलेली वहिनी आता खूश होईल असं कुणालाही वाटलं असतं. पण ती उसळली. "वन्सं, तिला असं तोडून बोलायचं नाही! मला ती तिथे जायला नकोय, ते माझं मी बघेन. पण ती तुम्हाला बघून मोठी झालीय. आमच्या घरात तुमचा फोटो तिनं लावलाय, मी नाही."

"मग मी काय खोटं सांगू?"

"खोटं नका सांगू. जरा बघून सांगा!"

"ताईला बोलू नकोस गं," भाऊ मध्ये पडला. "तिची काय अवस्था आहे बघतेस ना? आई, तू तरी सांग काहीतरी. तूच कधी हरली नाहीस म्हणून..."

"मी भांडले नव्हते," आई म्हणाली.

ते इतक्या हळू की भाऊ आपलं वाक्य पुढे रेटत राहिला.

"मेट्रनशी मी भांडले नव्हते. ती बिचारी साधी बाई होती. मी तिच्याकडे अर्ज घेऊन गेले. म्हटलं, मला चादरींवर घाला."

भाऊ थांबला.

"कधी?" ताईनं विचारलं.

"याचा हात सुजलेला पाहिला त्या सकाळी." आईनं चमचे पुन्हा हातात घेतले होते, पण मोजत नव्हती. "प्लॅस्टर घालून आणलं आणि तशीच गेले. अर्जात कारण लिहायचं होतं. मी लिहिलं, 'मला ऐकू येईनासं झालं आहे.' मेट्रननं कानाच्या डॉक्टरांकडे पाठवलं. त्यांनी तपासून सांगितलं, कान उत्तम आहेत. तेव्हा तिला कळलं. तिनं काही न बोलता सही केली."

"आणि ती शिक्षा?" भाचीनं विचारलं. "पेशंटला बांधल्याचं भांडण?"

"ते मी बाहेर सांगितलं. शिक्षा झाली म्हटलं की माणसं मान देतात आणि गप्प बसतात. थकले म्हटलं असतं तर जो तो औषध सांगत बसला असता." तिनं टेबलाभोवती नजर फिरवली. "आजच्यासारखं."

भाऊ भिंतीकडे बघत होता. चाळीसहून जास्त वर्षं, प्रत्येक वाढदिवसाला, प्रत्येक साखरपुड्यात, तो त्या भिंतीशी उभा राहून आईचा आवाज काढत आला होता. "आई, मी आपलं गंमत म्हणून... तू कधी बोलली का नाहीस?"

"तुला ती गोष्ट सांगताना इतका आनंद व्हायचा."

"मग ते तंबू? ते चादरींचं वर्ष?"

"ते खरं होतं रे. त्या सुमाराचं मला तेवढंच धड आठवतं. बाकी त्याआधीची दोन-तीन वर्षं विचारशील तर माझ्याकडे काही नाही. तू शाळेत कधी जायला लागलास, हिचा दात कधी पडला. सगळं नेहमीप्रमाणे."

ताईच्या डोळ्यांसमोर तंबू आला. दुधासारखी उन्हं, निळा शिक्का, प्लॅस्टर. प्लॅस्टर तर त्या आठवणीत पहिल्यापासून होतं, अगदी मध्यभागी. दोघा भावंडांनी ते शंभरदा पाहिलं होतं आणि एकदाही विचारलं नव्हतं की हात मोडला त्याच आठवड्यात आईची बदली कशी झाली. मध्ये पालथी पडलेली आई विश्रांती घेतेय असं त्यांना वाटायचं. ती घेतही होती.

"मघाशी मला लिननवरून बोललीस," ताई म्हणाली.

"सवय," आई म्हणाली. "इतकी वर्षं सांगून सांगून माझ्यापुरतंही तेच खरं झालं होतं."

भाचीनं कागद उचलला. फाडला नाही. "आजी, तू परत का गेलीस मग?"

"एक दिवस एका अभ्र्यावर डाग दिसला. रोज शेकडो डाग बघायचे. त्या दिवशी वाटलं, कोण रडलं असेल. म्हटलं, आता जायला हरकत नाही." मग ती ताईकडे वळली. "तुला तसं वाटेलच असं नाही. नाही वाटलं तर चादरी काही वाईट नसतात. मी तुला जा म्हणत नाही आणि येऊ नको म्हणत नाही. तुझ्या घडणीत खोट नाही, एवढं मात्र मला आज सांगायलाच हवं होतं. ते सांगायला उशीर झाला."

स्वच्छता

हा रकाना ही भावंडं लहानपणापासून गाळत आली आहेत. पाय न धुताच 'धुतले' सांगत. आपणही गाळू.

विशेष

पलीकडे चारची घंटा झाली. भिंतीमागून पावलांचा, दारांचा, कुणाच्या तरी उंच हाक मारण्याचा ओळखीचा गलबला आला आणि विरला. वहिनी आणि भाची डबे धूत होत्या. धुताधुता दबक्या आवाजात भांडतही होत्या, पण आता त्यात 'निदान आधी सहा महिने करून बघ' असं काहीतरी ऐकू येऊ लागलं होतं. भाऊ खुर्च्यांची घडी घालण्याच्या खटपटीत होता. त्याला त्या उघडता आल्या होत्या.

"ती चादर काढू या," आई म्हणाली. "डोळ्यांवर येतेय सकाळपासून."

दोघी मागच्या अंगणात गेल्या. चादर कडक झाली होती, दोरीवरची घडी पिवळी पडलेली. ताई एकटीच ती गुंडाळायला लागली.

"अशी नाही. धर ती टोकं."

लिनन रूममध्ये चादरीची घडी दोघींनी घालायची असते. दोन टोकं एकीच्या हातात, दोन दुसरीच्या. ताणायची, एकदा झटकायची, मग एकमेकींकडे चालत यायचं, टोकांना टोकं द्यायची, आणि पुन्हा मागे जायचं. ताईला हे येत होतं. कधी शिकली ते तिला आठवत नव्हतं, मग आठवलं. या अंगणातच, दहाव्या वर्षी.

झटका. पलीकडून आईचा हात हलका आला, पण टोकं सुटली नाहीत.

"उद्या मेट्रनना लिनन सांगते," ताई म्हणाली.

"बरं."

"परत जाईन का ते माहीत नाही."

"बरं."

त्या जवळ आल्या. टोकांना टोकं लागली. आईच्या अंगाला आता त्यातला कुठलाच वास येत नव्हता. साबणाचा, थोडा औषधी मलमाचा. मागे जाताजाता आईनं, चादरीकडेच बघत, विचारलं, "झोप?"

ताई थबकली. मग तिची पाठ आपसूक ताठ झाली.

"लागते. उतरत नाही."

"जेवण?"

"चव नाही."

"औषध?"

"आज चार जणांनी सांगितलं."

आईच्या ओठांचा कोपरा हलला. चादर अर्धी झाली होती. पुन्हा ताण, पुन्हा झटका. घरातल्या खिडकीत भाऊ खुर्ची हातात घेऊन उभा होता, ना आत ना बाहेर.

"बोलणं?"

"आज झालं. आधीचे अकरा दिवस नाही."

"विशेष?"

या जागी ताई सगळं आयुष्य 'काही नाही' म्हणत आली होती. आधी या भिंतीशी, मग रजिस्टरमध्ये, मग फोनवर दर रविवारी. तोंडाशी तेच आलं होतं. तिनं चादरीची टोकं मुठीत घट्ट धरली.

"पोस्टमास्तरांनी विचारलं नाही," ती म्हणाली. "आणि मी उत्तर दिलं."

ती थांबली. 'छान' ऐकायची तयारी करून थांबली.

आई चालत आली नाही. चादर दोघींच्या मध्ये ताणलेलीच राहिली. म्हाताऱ्या हातांना ते वजन पेलत नव्हतं, तरी तिनं टोकं खाली येऊ दिली नाहीत.

"परत सांग," आई म्हणाली. "ऐकतेय मी."

ताईनं परत सांगितलं. या वेळी वाक्य पुरं व्हायला बराच वेळ लागला.